ऐंशी किलोचं हृदय

शर्यत शनिवारी होती आणि बुधवारी सकाळी माझा नातू उइली दवाखान्याच्या खाटेवर डाव्या कुशीवर पडला होता. लहानपणी त्याला सांधे सुजवणारा ताप आला होता. तो ताप हृदयालाही इजा करतो, म्हणून नर्स लानुओलाने ‘ठीक’ म्हटल्याशिवाय त्याला गावाच्या लांब होडीत बसता येणार नव्हतं. आणि पोरगा दोन वर्षं त्या होडीसाठीच जगत होता.

माझा धाकटा भाऊ सोलोफा होडीचा कप्तान. लानुओलाने उंची मोजून वजन विचारलं, तर उइलीच्या आधी सोलोफाच बोलला, "ऐंशी किलो. लिही."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्या पायावर पाय दिला.

लानुओला छातीवर यंत्र फिरवू लागली. पडद्यावर हृदय उघडमीट करत होतं. "झडपा छान," ती म्हणाली. मग तिने डाव्या कप्प्यावर आडवी रेघ ओढली. आकडा आला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हृदय मोठं दिसतंय."

"असणारच!" सोलोफाने मांडीवर थाप मारली. "वाघाचं काळीज लहान असतं होय!"

"मामा, हे कौतुक नाही. फुगलेलं हृदय थकतं. शनिवारी नाही जाता येणार."

उइली उठून बसला. उशाचा सदरा उचलून त्याने छातीशी धरला. मला ते बघवेना.

"पोरी, मोठं म्हणजे कशाच्या मानाने?"

"देहाच्या, मावशी. मोठ्या होडीला मोठं वल्हं लागतं ना, तसंच. ऐंशी किलोच्या माणसाला एवढं..." ती थांबली. खाटेच्या दोन्ही कडांवरून ओसंडणाऱ्या उइलीकडे तिने नीट पाहिलं. "मामा, ऐंशी? ह्याची एक मांडीच ऐंशी भरेल!"

सोलोफा छताकडे बघू लागला.

"सांग की रे!" मी ओरडले.

"अगं ताई, हिचा बाप पलीकडच्या गावचा कप्तान! वजन कळलं की आपण कुणाला कुठे बसवणार, तेही कळलं!"

"राहू दे मग ऐंशीच," लानुओला म्हणाली. "उइली किनाऱ्यावरून टाळ्या वाजवील."

सोलोफाने उइलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दार उघडलं. "चल रे, काट्यावर."

दवाखान्याचा काटा उइलीला पुरेना. समोरच्या बाजारात टारोच्या कंदांची पोती तोलायचा मोठा काटा होता. उइली त्यावर चढला तशा विक्रेत्या बायका टोपल्या सोडून धावल्या.

"एकशे अठ्ठावीस!" काट्यावरची बाई ओरडली.

"चीऽऽहू!" सगळ्या बाजाराने जल्लोषाची आरोळी ठोकली. सोलोफाने डोळे मिटून घेतले.

लानुओलाने तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. माझा हात आपोआप उइलीच्या छातीवर गेला. आत केवढी धडधड चालली होती!

"रेघ तेवढीच आहे," ती म्हणाली, आणि हसली. "पण ह्या देहाला हे हृदय अगदी मापाचं. जा, वल्हव!"

उइलीने तिला उचलून गरकन फिरवलं.

"पोरी, तुझ्या बापाला मात्र..." सोलोफाने हात जोडले.

"मी कशाला सांगू, मामा? अख्ख्या बाजाराने सांगितलंय."

उइली ऐकायला थांबलाच नव्हता. सदरा हातात धरून तो किनाऱ्याकडे सुटला होता, आणि सोलोफा त्याच्या मागे बोंबलत होता, "अरे, जेवून जा! नाहीतर किलोभर उतरशील, अन् हृदय पुन्हा मोठं ठरेल!"