दोन रंगांचं तोंड

मी एक जुनी दस्ती आहे. शहरातली माणसं मला रुमाल म्हणतील, पण अहमदपूरच्या आसपास बायका उन्हात तोंडाला जे फडकं बांधतात त्याला दस्तीच म्हणतात. आता माझा रंग गेला आहे आणि मधोमध मी विरले आहे.

माझा जन्म दुकानात झाला नाही. पार्वतीबाईंचं सुती लुगडं फाटलं, तेव्हा त्यांनी त्याचा धड राहिलेला तुकडा काढला, कडा हाताने शिवल्या आणि लेकीला दिला. लेकीचं नाव दीपमाला. तिला पोलीस व्हायचं होतं. सकाळी ती सोयाबीन खुरपायला जाई आणि दुपार कलली की शाळेच्या मैदानावर पळायला. दोन्ही वेळी मी तिच्या तोंडावर असे. नाकापासून हनुवटीपर्यंत मला गच्च आवळून ती आठशे मीटर पळायची. तिचा घाम मी टिपला, धूळ अडवली. "दस्ती हाय म्हणून दम टिकतो," असं ती मैत्रिणींना सांगायची. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पण मित्रांनो, माझ्या हातून एक चूक होत होती. मी तोंडाचा खालचा भाग झाकत होते आणि वरचा उन्हाला देत होते. दोन उन्हाळ्यांत दीपमालाचं कपाळ आणि डोळ्यांभोवतीची कातडी रापून काळी झाली. खाली मात्र मूळचा गव्हाळ रंग राहिला. मैदानावरच्या मुली तिला चिडवायच्या, "वरून उन्हाळा, खालून हिवाळा." तीही हसायची. तिचं सगळं लक्ष पळण्यावर होतं.

मग देवणी गावाहून लग्नासाठी तिला बघायला पाहुणे आले. मुलाची आत्या मल्लम्मा वयस्कर होती. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि दीपमालाच्या कपाळावरून फिरवलं. पावडर लावली आहे का, हे पाहण्याची तिची ती रीत होती. पदराला काहीच लागलं नाही. मल्लम्मा पार्वतीबाईंकडे वळून म्हणाली, "पोरगी चांगली हाय बाई. पर तोंड दोन रंगाचं हाय. रंग एक करा, मग येताव आमी."

ती रागाने बोलली नाही. चहा घेऊन, निरोप घेऊन पाहुणे गेले. पार्वतीबाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत.

शेजारची पुनम तोंड उजळायला एक मलमाची ट्यूब वापरत होती. ती मेडिकलमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळायची. दीपमालाने तशीच आणली. पंधरा दिवसांत कपाळ उजळलं. गल्लीतल्या बायका मुद्दाम थांबून बघू लागल्या, कोणती ट्यूब म्हणून विचारू लागल्या. पार्वतीबाईंनी लेकीला बजावलं, "पाहुणे येऊन जाईस्तोर ग्राउंड बंद. पुन्हा काळी व्हशील." दीपमाला दोन दिवस कुरकुरली आणि मग घरात बसली. मी खुंटीवर लटकले. माझ्यावर धूळ बसली. ज्या मुलीच्या तोंडाला कपडा लागत नाही ती सुखी असेल, असं मला वाटलं. तेही चुकलं.

दीड महिन्याने तिचं तोंड जळजळू लागलं. चुलीपुढे उभं राहवेना. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागल्या, पुटकुळ्या उठल्या. ट्यूब बंद केली की तोंड सुजायचं, म्हणून ती पुन्हा लावायची. पाहुणे आले, त्यांनी ते तोंड पाहिलं आणि या वेळी चहासुद्धा घेतला नाही.

त्याच आठवड्यात भरतीचं बोलावणं आलं, लातूरच्या मैदानावर. दीपमालाने मला खुंटीवरून काढलं, धुतलं आणि डोळे सोडून सगळं तोंड झाकून घेतलं. सकाळपासून ती उन्हात रांगेत उभी होती. माझ्याखाली तिची कातडी तापत होती, ते मला कळत होतं. मी ओली राहिले असते तर थोडा गारवा दिला असता, पण मी केव्हाच वाळले होते. ती पळाली. दोन महिने सराव नव्हता. शेवटच्या वळणावर चार मुली तिच्या पुढे गेल्या. यादीत तिचं नाव आलं नाही.

नंतर तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. ट्यूबमध्ये स्टेरॉईड आहे, त्यानेच कातडी पातळ पडली, ती बंद करा, असं त्यांनी सांगितलं. बरं व्हायला वर्ष लागेल, जास्तही लागेल, आणि पहिल्यासारखं होईलच असं नाही. तोवर उन्हात जायचं नाही.

परवा पार्वतीबाई तिला हळूच म्हणाल्या, पुढच्या भरतीला पुन्हा पळ. दीपमाला म्हणाली, "पळायचं म्हंजी उन्हात जावं लागतंय, आई. मला सोसंना."

आता ती घरातही मला बांधून बसते. मी मऊ आहे, तरी तिला टोचते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं तोंड उन्हाने रापलं असेल तर त्याला नावं ठेवू नका आणि दुसऱ्याची ट्यूब त्याच्या हाती देऊ नका. उन्हाचा रंग हिवाळ्यापर्यंत आपोआप उतरतो. दीपमालाला हे कुणी सांगितलं नाही. मी रोज तिच्या ओठांवर होते, पण मी कापड आहे.