सहाशे डॉलर

१९९४ साली धाकट्या जावेला लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचे होते. डॉलरचा चांगला भाव मिळावा म्हणून तीन दिवस दलालांची दुकाने पालथी घालून ती थोरलीकडे आली. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी परदेशी नेलेल्या पैशांतले सहाशे डॉलर थोरलीच्या कपाटात उरले होते. नवरा मात्र परतला नव्हता.

“ताई, बँक तुम्हाला देईल त्या भावाने मलाच द्या. दलालाच्या घशात कशाला?”

“आता भाऊजींवर पैसा ओतून काय उपयोग, असं तूच म्हणाली होतीस ना?”

“अजून ते मनात धरून बसलात?”

“बसले खरी. चहा घे आणि नीघ.”

दुसऱ्या सकाळी थोरली कोपऱ्यावरच्या दलालाकडे गेली. नोटांना घड्या पडल्यात म्हणून त्याने बँकेहून कमी भाव दिला. तिने पैसे मोजून घेतले.

“रात्रीचं विमान आहे. दुपारी आमची धाकटी झक मारत इथेच येईल,” ती म्हणाली. “तिला एक पैसा सोडू नका.”

त्याने सोडला नाही. पुढे त्याने दुकानावर मजला चढवला. धाकटी चार महिन्यांनी नातीचे फोटो आणि थोरलीसाठी लोकरीचा स्वेटर घेऊन परतली. थोरलीने तो विरेपर्यंत वापरला, पण धाकटीशी अखेरपर्यंत बोलली नाही.