सासूला समुद्रावर नेताना

"कोंबडी नेणार असशील तर मी येत नाही," दोना इदालिना स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीतून म्हणाली.

जांदिराने कढईतला हात थांबवला नाही. कसाव्याचं पीठ लोण्यात खमंग होत आलं होतं, आता लक्ष हटलं तर करपलं असतं.

"मग उपाशी या."

"कोपाकाबानाच्या किनाऱ्यावरचे लोक नाकं मुरडतात. आले बघा बांगूचे डबेवाले, म्हणतात."

"म्हणू देत. मी त्यांच्या ताटातलं खात नाही."

"तुला लाज असती तर..."

"तर या घरात बावीस वर्षं काढली नसती. हे तुम्ही मागच्या रविवारीच सांगितलंय. नवीन काही असेल तर बोला."

रविवारी समुद्रावर जायचं हे बुधवारी ठरलं, आणि तेव्हापासून घरात प्रत्येक गोष्टीवरून खटका उडत होता. कुठली बस धरायची, काठी न्यायची की नाही, म्हातारीची टोपी कुणी हरवली. जानेवारी म्हणजे इथला ऐन उन्हाळा, आणि शहराच्या टोकाचं बांगू म्हणजे तापलेला तवा. डोंगर तिन्ही बाजूंनी उष्णता धरून ठेवतात आणि पंखा गरम वारा इकडून तिकडे ढकलत राहतो. अशा दिवसांत शहाणी माणसंही भांडतात, आणि या दोघींना तर भांडायला हवेच्या निमित्ताची गरज कधी पडली नव्हती.

जांदिरा सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. दोनशे पोरांचा भात आणि राजमा ती रोज उतरवायची, घरी येऊन सासूचं करायची. दोन वर्षांपूर्वी दोना इदालिनाच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालायची. तिला आंघोळ घालणं, केस विंचरणं, पाय चोळणं सगळं जांदिराकडे होतं. ती ते शिव्या देत करायची आणि म्हातारी शिव्या देत करवून घ्यायची.

त्या दोघींना जोडणारा माणूस होता ओस्मार, एकीचा मुलगा, दुसरीचा नवरा. कोपाकाबानाच्या वाळूत तो छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा. गेल्या फेब्रुवारीतल्या कार्निव्हलनंतर एका संध्याकाळी तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग कळलं की तिकडेच तालिता नावाच्या मुलीबरोबर राहतो. एकाच माणसाने सोडून दिलेल्या दोन बायका एका छपराखाली राहिल्या, आणि त्याचा राग एकमेकींवर काढू लागल्या.

बुधवारी त्याचा फोन आला होता. जांदिराला पलीकडून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला होता. "आई, रविवारी ये. महत्त्वाचं बोलायचंय. तिलाही घेऊन ये."

तिलाही. या एका शब्दावर जांदिराने चार दिवस काढले. बाजारात जाऊन पोहण्याचा पिवळा पोशाख आणला, नखं रंगवली. रात्री पोशाख अंगाला लावून आरशात पाहत होती तेव्हा मागून आवाज आला, "पपई दिसतेस. पिकून फुटलेली."

"झोपा तुम्ही."

"त्याला काही तू नकोयस."

"मग 'तिलाही' कशाला म्हणाला?"

म्हातारीने कूस वळवली. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

रविवारी पहाटे निघून त्या कोपाकाबानाला पोचल्या तेव्हा वाळूवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. जांदिराच्या एका खांद्यावर डब्याची पिशवी होती, दुसऱ्या खांद्यावर सासूचा भार. गार चहावाले ओरडत होते, कुणाचा तरी चेंडू येऊन पिशवीवर आदळला. ओस्मारच्या हिरव्या छत्र्या लांबूनच दिसल्या. तो धावत आला. उन्हाने रापला होता, पोट कमी झालं होतं. जांदिराचा हात नकळत केसांकडे गेला.

ओस्मारने आईला मिठी मारली, छत्रीखाली नेलं, खुर्ची उघडून तिला बसवलं. जांदिरा उभी होती.

"मला खुर्ची?"

"रविवार आहे, जांदी. गिऱ्हाइकांनाच पुरत नाहीत."

ती वाळूत बसली. वाळू पोळत होती.

तेवढ्यात बर्फाच्या पेटीमागून एक मुलगी उठून उभी राहिली. उठताना तिने कमरेला हात लावला. सातवा तरी असावा.

"ही तालिता," ओस्मार म्हणाला.

दोना इदालिनाची नजर त्या पोटावरून हलेना. बावीस वर्षं ती घरात पाळण्याची वाट पाहत होती, आणि बावीस वर्षं तिने त्याचा हिशेब जांदिराच्याच नावावर मांडला होता. तिने हात पुढे केला. तालिताने जवळ येऊन तो आपल्या पोटावर ठेवून घेतला.

"लाथ मारतोय," म्हातारी हळूच म्हणाली.

"आई, आम्ही राहतो ती खोली एवढीशी आहे," ओस्मार म्हणाला. "भिंतींना ओल आलीय. तान्हं मूल घेऊन तिथं कसं राहायचं? म्हटलं, आपलं घर आहेच."

"घरात मी राहते," जांदिरा म्हणाली.

"म्हणून तर तुझ्यासमोर बोलतोय. पाठीमागून काही करायचं नाही म्हटलं. तू समजूतदार आहेस, जांदी."

"वरची खोली बांधली तेव्हा वाळू कुणी वाहिली? मी. शाळा सुटल्यावर, डोक्यावरून. तू इथं गोऱ्या बायकांना छत्र्या लावत होतास."

"घर आईचं आहे. आई सांगेल ते."

जांदिराने सासूकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्या बाईकडे काहीतरी मागितलं, तेही तोंडाने नाही.

दोना इदालिनाने हात पोटावरून काढला नव्हता.

"कार्निव्हलपर्यंत राहू दे तिला," ती मुलाला म्हणाली. "मग या तुम्ही."

"आणि तुमचं कोण करणार?" जांदिराने विचारलं.

"माझा मुलगा येतोय घरी."

जांदिरा हसली. फार मोठ्याने नाही, पण तालिताने मान खाली घातली.

पलीकडून कुणीतरी टाळी वाजवली. दोन छत्र्या, चार खुर्च्या हव्या होत्या. ओस्मार सुटल्यासारखा तिकडे पळाला. जांदिराने डबा उघडला, कोंबडीची तंगडी काढली आणि पिठात घोळवून खाऊ लागली. शेजारच्या छत्रीखालच्या बाईने गॉगल वर करून पाहिलं.

"काय बघता?" जांदिरा म्हणाली. "कोंबडी आहे. मेलेली आहे. घाबरू नका."

बाईने गॉगल खाली घेतला. थोड्या वेळाने दोना इदालिनाने हात पुढे केला, आणि जांदिराने तिकडे न बघता तिच्या हातावर एक तुकडा ठेवला, हाड काढून. म्हातारीचे डावीकडचे दात धड नव्हते.

ऊन कलायला लागलं तसं म्हातारी अस्वस्थ झाली. आजारपणानंतर ती समुद्रात उतरली नव्हती.

"ओस्मार, मला पाण्यात ने."

"आत्ता? आई, गिऱ्हाईक सोडून कसा येऊ?"

"पाचच मिनिटं."

"पुढच्या वेळी. नक्की."

तालिता म्हणाली, "मी नेलं असतं हो, पण लाटेत मला..."

"नको, नको. तू बस," म्हातारी घाईने म्हणाली.

ओस्मार ओलं फडकं घेऊन खुर्ची पुसत होता, जी आधीच स्वच्छ होती. जांदिरा त्याच्याकडे पाहत राहिली आणि तिला बुधवारचा फोन पुन्हा ऐकू आला. तिलाही घेऊन ये. पाय ओढणारी आई बांगूहून एकटी कशी येणार होती? कुणीतरी धरून आणायला हवं होतं. एवढंच होतं त्या शब्दात.

तिने चपला काढल्या. पिवळ्या पोशाखावरचा झगा काढला नाही.

"उठा," ती सासूला म्हणाली.

"तू?"

"दुसरं कुणी दिसतंय का? उठा म्हटलं ना."

ओल्या वाळूत म्हातारीचा डावा पाय लांब रेघ ओढत गेला. पाणी घोट्याला लागलं तशी ती किंचाळली. गुडघ्याला लागलं तेव्हा हसायला लागली, लहान मुलीसारखी, तोंड उघडं टाकून. जांदिराने तिला मागून काखेत हात घालून धरलं. हे धरणं दोघींना रोजचं होतं, न्हाणीघरातलं.

"अजून पुढं," म्हातारी म्हणाली.

"लाटा मोठ्या आहेत."

"भितेस?"

त्या कमरेएवढ्या पाण्यात गेल्या. इथला समुद्र परतताना पायाखालची वाळू ओढून नेतो, धडधाकट माणसालाही उभं राहू देत नाही. जांदिराने पायाची बोटं रोवली. तिच्या हातांत आता म्हातारीचं वजन उरलं नव्हतं, पाण्याने ते काढून घेतलं होतं. इतकी हलकी बाई. हात थोडे सैल केले असते तर कुणाला काही कळलं नसतं. निसटली, असं म्हणता आलं असतं. जांदिराने किनाऱ्याकडे पाहिलं. ओस्मार पाठमोरा होता.

"दुखतंय," दोना इदालिना म्हणाली. "किती आवळतेस."

"मग सोडू?"

म्हातारीने मान वळवून तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तिचं हसू केव्हाच थांबलं होतं.

"कुठं जाशील गं तू?"

"ते तुम्ही विचारायचं नाही."

पाणी मागे ओढलं गेलं. समोर लाटेची हिरवी भिंत उभी राहत होती. म्हातारीची नखं जांदिराच्या मनगटात रुतली.

"सोडू नकोस मला. जांदिरा! सोडू नकोस."

"कार्निव्हलपर्यंत नाही सोडत," जांदिरा म्हणाली.

आणि सासूला तशीच धरून ती वळली, लाटेकडे पाठ केली, पाय रोवून उभी राहिली.