टर्नबुलबाईंच्या अटी

“म्हणजे ती स्वयंपाकीण राहते की जाते?” पिठाचे हात झाडत टर्नबुलबाईंनी विचारले.

“ते तिसऱ्या खंडात,” चष्मा काढत ओकली म्हणाला. “आणि तिसरा खंड वर आहे.”

वाचनालयातून कादंबरी यायची ती तीन खंडांत. थोरल्डबाईसाहेबांचे वाचून झाले की एकेक खंड खाली मुदपाकखान्यात उतरे, आणि घरचा बटलर ओकली चहाच्या वेळी तो मोठ्याने वाची. या कादंबरीतल्या श्रीमंत घराण्याचे एका दिवसात दिवाळे निघाले होते. दैवाचा खेळ असा, की दुसरा खंड वाचून होतो न होतो तोच थोरल्डांची पेढीही बुडाली. शनिवारी वाडा रिकामा करायचा होता. विधवा बाईसाहेब समुद्रकाठच्या एका चिमुकल्या घरात एकट्या राहायला जाणार होत्या.

इतकी वर्षे घरची स्वयंपाकीण असलेल्या टर्नबुलबाईंना त्यांच्याबरोबर जायचे होते. अडले होते ते हे बोलायचे कसे, यापाशी. ज्या बाईसाहेबांनी जन्मात कुणाचे उपकार घेतले नाहीत, त्यांना ‘फुकट राबते’ म्हणणे म्हणजे तोंडावर चपराक.

“सरळ सांगून टाका,” ओकली म्हणाला. “पगार नको, फक्त पायाशी राहू द्या.”

टर्नबुलबाईंनी सकाळपासून लोण्याच्या बरणीसमोर हेच घोकले होते.

इतक्यात दारावर टकटक झाली. मुदपाकखान्यात पाऊल टाकण्यापूर्वी बाईसाहेब नेहमी दार वाजवीत. तिथले राज्य टर्नबुलबाईंचे, हा रिवाज त्यांनी आजही मोडला नाही.

“हा घ्या तिसरा खंड,” त्या म्हणाल्या. “दुपारी वाचनालयाची गाडी येईल न्यायला. पण वेळ घालवू नका. पानंच्या पानं नुसती रडारड. शेवटी ती स्वयंपाकीण पाया पडते, ‘पगार नको, पण मला दूर लोटू नका’ म्हणते, आणि मालकीण तिच्या गळ्यात पडते.”

ओकलीला एकाएकी खोकला आला.

“यात वाईट काय आहे, बाईसाहेब?” टर्नबुलबाईंनी विचारले.

“माझ्यापुढं कुणी असं बोललं तर मी त्याला दार दाखवीन. पडलेल्या माणसाची कीव करायला काही लागत नाही.”

घोकलेले सगळे भाषण टर्नबुलबाईंनी गिळून टाकले. मग त्या कणीक तिंबू लागल्या, जरा जोरातच.

“त्या नव्या घरातली चूल कशी आहे?”

“मला काय ठाऊक?”

“पाहिलीच नाही? मग अंडं कुठं उकडणार, कपाटात?”

“टर्नबुलबाई, तोंड आवरा.”

“मला काय, मी नोकरी शोधतेय म्हणून विचारलं. माझ्या अटी असतात. रविवारी दुपारी सुट्टी. चुलीपाशी लुडबूड नाही. आणि समुद्राकडची खोली माझी.”

“आणि पगार?”

“घर लहान, तसा पगार लहान. पण हवा. फुकट मी देवाचंसुद्धा करत नाही.”

बाईसाहेबांनी मान ताठ केली. कुणी आपल्याशी घासाघीस करते आहे, हे बहुधा त्यांना बऱ्याच दिवसांनी अनुभवायला मिळत होते.

“समुद्राकडची खोली आलटूनपालटून. एक महिना तुमची, एक माझी.”

“पहिला महिना माझा.”

“पहिला माझा,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि टर्नबुलबाईंनी फार जड जातेय असा चेहरा करून होकार दिला.

नव्या घरात जेवणाची वेगळी खोली नव्हती. एकच टेबल, तेही चुलीशेजारी. पहिल्या रविवारी रात्री टर्नबुलबाईंनी पुडिंग वाढले आणि सवयीने मागे सरून उभ्या राहिल्या.

“बसा,” बाईसाहेब म्हणाल्या. “उभ्या माणसासमोर माझा घास उतरत नाही.”

टर्नबुलबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. इतकी वर्षे त्यांनी या बाईसाठी रांधले; ताटे भरून वर जात, रिकामी होऊन खाली येत. जेवताना मात्र त्यांनी तिला कधी पाहिले नव्हते.

बाईसाहेब चमच्याच्या टोकाने पुडिंगमधले बेदाणे एकेक करून काढीत होत्या आणि शेवटी चवीने खायला म्हणून बशीच्या काठाला नीट रांगेत मांडीत होत्या.

टर्नबुलबाई थोडा वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी हात लांब केला, त्या बशीतला एक बेदाणा उचलला आणि तोंडात टाकला. बाईसाहेबांनी बशी जराशी त्यांच्या बाजूला सरकवली.