हाताला लागेल अशी भिंत

ती आर्किटेक्ट. ऑफिसात तिला सगळे 'भिंतपाडी' म्हणत आणि तिला त्याचा अभिमानच होता. भिंत म्हणजे माणसाने माणसावर दाखवलेला अविश्वास, असं ती घर बांधून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवायची. स्वतःचं घर तिने तसंच केलं होतं: दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एकच लांबरुंद हॉल, मध्ये ना भिंत, ना खांब. मासिकात त्याचे फोटो आले होते.

काचबिंदूने बाबांची नजर जवळपास गेली, तेव्हा ती त्यांना आपल्याकडे घेऊन आली. बाबा शिंपी. उभा जन्म गिऱ्हाइकांशी गप्पा मारत मशीन चालवलेला माणूस.

"इथे कुठेच अडखळायला होणार नाही, बाबा. सगळं मोकळं आहे," ती म्हणाली.

"छान आहे हो," बाबा म्हणाले, आणि हळूहळू बोलायचेच थांबले. दिवसभर दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. एका दुपारी ती कामावरून लवकर आली, तर ते हॉलच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात पुढे करून.

"बाबा, काय शोधताय?"

"काही नाही गं." हात खाली घेत त्यांनी विचारलं, "मी आत्ता कुठे आहे?"

तिने भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आत्याचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला आपली नावंसुद्धा आठवेनात. डॉक्टरांना दाखव."

भेटीची वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली. ते आठ दिवस तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक.

डॉक्टरीणबाईंनी बाबांना वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबा न चुकता दोनपर्यंत आले आणि म्हणाले, "आणखी खाली जाऊ का?" महिने उलटे म्हणायला सांगितल्यावर कोणत्या महिन्यात कुणाच्या लग्नाचा कोट शिवला होता, तेही सांगायला लागले.

डॉक्टरीणबाई हसल्या. "स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे तुमची. मग आजोबा, घरात असे का हरवता?"

बाबा म्हणाले, "घर कुठलं हो, मैदान आहे ते. चार पावलं टाकली की हाताला काहीच लागत नाही. दिशाच राहत नाही."

तिला आधी हायसं वाटलं. लाज वाटली ती त्यानंतर. मोकळी जागा म्हणजे स्वातंत्र्य, हे तिने डोळसांच्या हिशेबाने ठरवून टाकलं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"किती हौसेने दाखवलंस तू. लेकीच्या घरी येऊन भिंत मागायची का?"

"मागायची, बाबा. हक्काने मागायची."

दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रींना बोलावलं. तिच्या सांगण्यावरून शेकडो भिंती पाडलेला हा माणूस. त्यांनी कागदावर आखलेली भिंत पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं.

"बाई, ही पाडायची ना?"

"बांधायची."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

बाबांच्या खुर्चीपासून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत कंबरेच्या वर येणारी भिंत हॉलमध्ये उभी राहिली. उजेड अडला नाही. वीट गिलाव्याविना तशीच खरखरीत ठेवली. जिथे न्हाणीघराकडे वळायचं, तिथे हाताला गुळगुळीत लाकडी पट्टी लागेल अशी बसवली. पट्टी कुठे संपवायची यावर बाबा आणि मिस्त्री तासभर भांडले. बाबांचा आवाज इतका चढलेला तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. जिंकलेही बाबाच.

भिंत वाळल्यावरच्या रविवारी सकाळी ती ओट्याशी चहाचं आधण ठेवत होती. मागून विटेवरून हात फिरल्याचा आवाज आला. आधी थांबत-थांबत, मग सलग. तिने मुद्दाम वळून पाहिलं नाही.

"सरक बघू," बाबा अगदी जवळून म्हणाले. "तुझा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. साखर कुठे ठेवलीस?"

तिने डबा त्यांच्या हातात दिला आणि भावाला फोन लावला. तिला नीट बोलताच येईना.

"ताई, रडतेस का? काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"काही नाही रे," ती म्हणाली. "बाबा मला ओरडतायत."