सलूनवाल्याच्या परसातली रानडुकरं

नुकसान कळलं ते सोमवारी. सोमवारी सलून बंद, म्हणून सलूनवाला उशिरा उठला, चहाचा कप घेऊन त्याने मागचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थबकला. परस कुणीतरी नांगरून ठेवलं होतं. फरशीच्या कडेपासून कपड्यांच्या तारेपर्यंत माती उलथीपालथी. मागच्या जाळीला भगदाड. मातीत खुरांचे ठसे आणि मधूनच अर्धवट चावलेले कंद.

कंद बघितले आणि चहा हातातच निवला.

ते लिलीचे कंद त्याच्या बायकोने लावले होते. आजारपणात एक दिवस जरा बरं वाटलं तेव्हा, तो दुकानात असताना. संध्याकाळी तिच्या नखांत माती बघून त्याने विचारलं, "कुठे लावलेस?" ती म्हणाली, "उगवले की कळेल. आधीच सांगितलं तर तुम्ही लक्ष कशाला ठेवाल?" त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. कंद कुठे आहेत ते ठाऊक नाही, म्हणून तेव्हापासून तो सरसकट सगळ्या परसाला पाणी घालायचा. मातीला, फरशीला, तारेच्या खांबालासुद्धा. दोन घरं सोडून राहणारी मेहुणी म्हणायची, "दाजी, खांबाला पालवी फुटली की मला हाक मारा."

आज तीच धावत आली.

"रानडुकरं! काल बेकरीच्या मागेही दिसली म्हणे. टेकडीवर इमारती झाल्या, जाणार कुठे बिचारी?"

"बिचारी? बिचारा मी आहे."

"तुम्ही तर आहातच. कंद उरलेत किती?"

"होते किती तेच माहीत नाही. उरलेले काय सांगू?"

हीच खरी अडचण होती. खणून शोधावेत तर फावड्याखाली कापले जातील. तसेच ठेवावेत तर डुकरं पुन्हा येतील. बायकोने लावलेलं शेवटचं काही त्या मातीत होतं, आणि ते वाचवायचं कसं हे त्याला कळत नव्हतं.

उपाय सांगितला बेकरीवाल्याने. "रानडुक्कर नाकावर जगतं. माणसाचे केस कुंपणाकडेने टाका. वास आला की फिरकायचं नाही. आणि तुम्हाला केसांची काय ददात!"

जन्मभर जे झाडून फेकलं त्याला कुणी औषध म्हणेल असं सलूनवाल्याला वाटलं नव्हतं. त्याने दुकानातली पोती आणून परसाच्या कडेने ओतली. आठवडाभरात ही बातमी गल्लीभर झाली. गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की आरशात बघायच्या आधी जमिनीकडे बघायचं. "माझे पिशवीत भरून द्या हो, आमच्याकडे भाजीचा वाफा आहे." टकलू वकील तर भांडायलाच उभा राहिला.

"मलाही पाहिजेत. गुलाब लावलेत आम्ही."

"वकीलसाहेब, तुमचे चार केस, त्यातले दोन मी कापतच नाही."

"इतकी वर्षं येतोय मी. माझा काही वाटा नाही?"

शेवटी त्याला बेकरीवाल्याच्या डोक्यावरचे दिले. ते बघून बेकरीवाला म्हणाला, "चला, एकदाचे तुम्हाला शोभतील."

त्या आठवड्यात सलूनवाला बऱ्याच दिवसांनी दुकानात हसला. गिऱ्हाइकांच्या ते लक्षात आलं.

पुढच्या सोमवारी सकाळी मेहुणी दुकानाची कापडं धुवायला मदतीला आली. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची ती पांढरी कापडं सोमवारी धुतली जायची. पूर्वी हे काम दोघी बहिणी मिळून करायच्या. दुपारी तारेवरची वाळलेली कापडं काढून मेहुणीने गठ्ठा केला, तेवढ्यात जाळी खडखडली.

आधी लांबोडकं नाक आत आलं, मग बाकीची डुकरीण. तिच्यामागे पाठीवर पट्टे असलेली पिल्लं, रांगेत, शाळेला निघाल्यासारखी. डुकरिणीने कडेचे केस हुंगले, जोरात शिंकली, आणि त्यातच लोळली. पिल्लंही लोळली.

"दाजी," मेहुणी हळूच म्हणाली, "तुम्ही गिऱ्हाइकांच्या डोक्यावर काय फवारता?"

"गुलाबपाणी."

"मग माणसाचा वास येणार कुठून? तुम्ही तर अत्तर लावून आमंत्रण धाडलंत!"

डुकरिणीने त्यांच्याकडे मान वळवली. दोघांची पाचावर धारण बसली. पुढच्या क्षणी सलूनवाला शिडीवरून मोरीच्या छपरावर होता आणि मेहुणी त्याच्या मागोमाग, काखेत कापडांचा गठ्ठा तसाच.

"तो खाली टाकायचा ना!"

"धुतलेलं मातीत टाकू? जीव गेला तरी चालेल!"

वरून सगळं परस दिसत होतं. मधोमध सलूनची जुनी लोखंडी खुर्ची होती. दुकानात नवीन आणल्यावर ही त्याने इथे सिमेंटमध्ये पक्की बसवली होती, आणि सोमवारचा चहा तो तिच्यावर बसून प्यायचा. बायको गेल्यापासून तो त्या खुर्चीत बसला नव्हता. जमिनीवरून नुसता धुडगूस वाटायचा, पण इथून खड्डे नीट दिसले. त्यांचं अर्धवर्तुळ होतं. खुर्चीच्या डाव्या अंगाने सुरू होऊन मागून वळसा घेतलेलं.

"अगं," तो म्हणाला, "खुर्चीभोवती लावलेत तिने."

मेहुणीने बघितलं. मग म्हणाली, "ताईचंच काम. तुम्ही बसल्या जागेवरून हलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक."

त्याला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. पण पुसायला सवड नव्हती. डुकरीण खुर्चीच्या उजव्या अंगाला पोचली होती. उरलेलं अर्धं वर्तुळ तिथेच असणार. तिने नाक मातीत खुपसलं.

"ए! हट!" तो ओरडला. तिने कानही हलवला नाही. मेहुणीने कापडांचे चिमटे भिरकावले. एक पिल्लू ते चघळायला लागलं.

सलूनवाल्याने गठ्ठ्यातलं एक कापड ओढलं आणि शिडी उतरायला लागला.

"दाजी, वेडे झालात का? फाडेल ती!"

"खाईल सगळे!"

तो खाली उतरला. हातात ना काठी ना दगड. तेव्हा हातांनी ते केलं जे ते रोज करायचे. नवीन गिऱ्हाईक बसवण्याआधी झटकतात तसं त्याने कापड दोन टोकांना धरून झटकलं. फट्ट! कोरडं, स्वच्छ कापड, फटाक्यासारखं वाजलं. डुकरीण दचकून मागे सरली. त्याने पुन्हा झटकलं. फट्ट! पिल्लांनी जाळीकडे धूम ठोकली. डुकरिणीने त्याच्याकडे एकदा बघितलं, फुरफुरली, आणि पिल्लांमागे निघून गेली. कानावर कुणाचीतरी बट अडकलेली होती.

"पुढचा!" छपरावरून मेहुणी ओरडली, आणि हसता हसता तिला शिडी उतरता येईना.

मग दोघं खुर्चीच्या उजव्या अंगाला गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी माती बाजूला करायला लागले. कंद होते. धड, टणक, एकेकाला कोंबाचं टोक आलेलं. डुकरिणीने उकरून वर काढलेलेही मेहुणीने टोक वर करून पुन्हा आत बसवले. तो नुसती माती सारत होता. प्रत्येक कंदानंतर ती म्हणायची, "दाबा. एवढं नको. हं, बास."

बेकरीवाला जाळी बांधायला तार घेऊन आला, पण तार आतून लावायची की बाहेरून यावर त्याचं आणि सलूनवाल्याचं जुंपलं, आणि अंधार पडला. फुलं कुठल्या रंगाची येणार ते मेहुणीलाही माहीत नाही.

चावलेले कंद मेहुणीने वर्तमानपत्रावर वाळत घातलेत. चावलेली जागा सुकली की लावायचे, म्हणाली. ते अजून लावायचे आहेत. जाळीही तशीच आहे.