उलट्या शिशीतला श्वास

मी एक काचेची शिशी बोलतेय. बोटाएवढी उंची, काळं झाकण, झाकणावर मेणाचं सील. दोन वर्षांहून जास्त काळ मी डोक्यावर उभी आहे, तेव्हा बोलण्यात काही उलटसुलट आलं तर सांभाळून घ्या.

मुक्काम औरंगाबाद, विद्यापीठातली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, खिडकीपासून लांबचं फडताळ. आम्ही शंभर जणी एका खोक्यातून आलो. बाकीच्या भरल्या, धुतल्या, फुटल्या. मलाच जपून का ठेवलं, याचा मला अजून संकोच वाटतो. माझ्यात काही विशेष नाही. विशेष जे आहे ते पोटात आहे, आणि ती दोन आहेत. त्यातलं एकच सगळ्यांना दिसतं.

दिसतं ते साहेबरावांनी केलेलं. साहेबराव इथं पीएच.डी. करत होते. झाडासारखे रेणू वाढवायचे हे त्यांचं काम. एका खोडाला फांद्या, फांदीला पुन्हा फांद्या. ही झाडं द्रवात सोडायची, तापवायची, निववायची. मग ती एकमेकांना धरून उभी राहतात का, हे बघायचं. गाठ नाही, चिकटवणं नाही, नुसतं धरणं. ऊन लागलं की हात सुटावेत, गार झालं की पुन्हा धरावेत. मला यातलं फार कळतं असं नाही, पण ते स्वतःशी बोलत काम करायचे आणि आम्ही शिश्या ऐकायचो.

धरलं की नाही, याची परीक्षा अगदी सोपी. शिशी उलटी करायची. आतलं खाली आलं तर नापास.

प्रयोगशाळेतले शिपाई कडुबा कन्नडकडचे. घरी मेंढरं, पण नोकरी इथं. त्यांना सगळं दह्याच्या भाषेत कळायचं. रोज विचारायचे, "काय भाऊ, लागलं का?"

"नाही लागलं, कडुबा. ताकच आहे."

एक्याण्णवच्या डिसेंबरात मला भट्टीतून काढलं. त्यांच्या मार्गदर्शक सरांचा नियम कडक होता, की काच भाजून कोरडी करायची, पाण्याचा अंशसुद्धा नको. साहेबरावांनी मला गार होऊ दिलं, तोंडाजवळ धरलं आणि आत फुंकर मारली. लासूर स्टेशनच्या भुसार बाजारात त्यांची आई गोजरबाई धान्य पाखडायची. तिथं सगळीकडे कोंडा. ताट असो, तांब्या असो, फुंकल्याशिवाय त्यात काही घालायचं नाही, ही त्या घराची रीत. सरांनी एकदा पकडलंही होतं, "अहो साहेबराव, थुंकताय का त्यात?" तेव्हापासून ते सरांची पाठ वळली की फुंकायचे. वहीत अर्थातच लिहायचे नाहीत.

मग मला भरलं, तापवलं, झाकण लावलं. तासाभरानं उलटं केलं आणि ते खाली आलं नाही.

कडुबा ओरडले, "लागलं!" साहेबराव मला फडताळावर उलटं ठेवून बराच वेळ नुसते बघत बसले. तेव्हापासून माझ्यात वर ते घट्ट बसलेलं आणि खाली झाकणापाशी त्यांची फुंकर.

पुढच्या महिन्यात ते नामांतराच्या मोर्चाला गेले. परत आले तेव्हा डोक्याला फडकं बांधलेलं होतं. दगड होता की लाठी, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आठव्या दिवशी फडताळावर त्यांचा हात आला नाही. नवव्या दिवशी ते गेल्याचं कळलं, कडुबांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मग मुक्ता येऊ लागली, त्यांची बायको. एम.एस्सी. झालेली, वाळूजच्या एका रंगाच्या कारखान्यात नमुने तपासायची. आठवडाभर कारखाना, रविवारी इथं. आधी पोटात, मग कडेवर लेक. संघमित्रा तिचं नाव, पण सगळे मित्रा म्हणायचे. मुक्ताचा स्वभाव धास्तावलेला. पोर झोपली की नाकापाशी बोट धरून बघायची. तेच बोट मग माझ्या काचेवर टेकवायची आणि हळूच म्हणायची, "आहात ना?"

हे ती कुणाला विचारायची, मला माहीत आहे. माझ्याकडे तोंड नव्हतं, एवढंच.

थंडीच्या सकाळी माझ्या काचेवर आतून धुकं धरायचं. ती द्रावकाची वाफ असणार, इतकं मीही ऐकून शिकले आहे. तरी मुक्ता कोटाच्या बाहीनं काच बाहेरून पुसायची आणि आतलं धुकं तसंच राहायचं. ते राहिलेलं बघून ती घाईनं वहीत लिहायची, "पडलं नाही."

सरांनी साहेबरावांचं काम छापायला पाठवलं होतं. उत्तर आलं की दुसऱ्या कुणाकडून करून दाखवा. दोन विद्यार्थ्यांनी वहीबरहुकूम केलं, मुक्तानं अकरा वेळा केलं. दर वेळी शिशी उलटी केली की सगळं झाकणावर. मग दारापाशी बोलणी सुरू झाली. मला ऐकू यायची.

"घरी बसून आकडे भरले असतील."

"मोर्चातून सवड मिळाली तर ना प्रयोगाला! पण ह्यांना कोण विचारणार?"

सर वाईट माणूस नव्हेत, पण दमले होते. म्हणाले, "मुक्ता, पेपर मागे घेऊ. गाजावाजा न करता."

"म्हणजे ते खोटं बोलले असं लिहून द्यायचं?"

"तसं कोण म्हणतंय?"

"सगळेच, सर. तुम्ही तेवढं हळू आवाजात."

आणि मला सगळं ठाऊक! वहीत एक ओळ कमी आहे, आणि ती ओळ माझ्या पोटात आहे. ओरडावंसं वाटायचं. पण काच ओरडते ती फुटतानाच.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतरचा एक रविवार. मुक्ता बाहेरच्या बाकावर मित्राला वरणभात भरवत होती. घास गरम, म्हणून एक फुंकर, एक घास. मध्येच उठून आत यायची, पुन्हा बाहेर जायची. एका फेरीत तिनं भट्टीतली शिशी उचलली आणि चमच्यावर मारावी तशी तिच्यात फुंकर मारली.

"अगंबाई! काय बावळट आहे मी! आता पुन्हा भाजायला लागणार."

"ऱ्हाऊ द्या ताई," कडुबा म्हणाले, "अकरा येळा बिघडलं, हे बारावं."

तिनं तशीच भरली. तासाभरानं उलटी केली. मी शेजारीच होते. आतलं हललंसुद्धा नाही.

मुक्ता फरशीवर बसली. "कडुबा, मी फुंकलं होतं."

"मंग? साहेबरावभाऊ तर दर वक्ताला फुकायचे."

"तुम्ही पाहिलंय?"

"व्हय. रोज."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

कडुबांच्या हातातलं फडकं थांबलं. "इचारलं कुनी? अन् मला वाटलं, सरांना कळलं तर मेल्यावर बी बोलनी खातील बिचारे. म्या म्हनलं, आपन झाकून ठिवू."

मुक्ता हसायला लागली. हसता हसता तिला हुंदका आला, तशी मित्रा वरणाच्या तोंडानं येऊन तिला बिलगली.

झाडांना एकमेकांचे हात धरायला पाण्याचा जरासा अंश लागत होता, इतकंच. पुढे तिनं फुंकरीऐवजी सुईच्या टोकावर मावेल एवढं पाणी मोजून घातलं. दर वेळी लागलं. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. पण म्हणाले, "हे तुझं झालं. त्यांनी केलं ते हेच, हे कशावरून? ती शिशी उघडून आतलं तपासावं लागेल. दोन्ही एकाच तापमानाला वितळली पाहिजेत."

मुक्ता म्हणाली, "बघू." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ती मला उचलायची आणि परत ठेवायची.

जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. कमान बघायला गोजरबाई लासूरहून आली. कमानीला हात जोडले आणि तशीच आत आली, मला बघायला. मुक्तानं तिला सगळं सांगितलं. शेवटी हळूच म्हणाली, "आत्याबाई, याच्यात त्यांची फुंकर आहे. उघडलं की जाईल."

म्हातारीनं मला उजेडात धरलं. धान्याचा दाणा निरखावा तसं बोटांत फिरवून पाहिलं. मला वाटलं, आता पडते.

"मुक्ते, माझ्या लेकराला लोकं खोटं म्हनत्यात, अन् तू त्याचा श्वास कोंडून बसलीस व्हय? सोड त्याला. खरं काय ते दिसू दे."

उद्या मला उघडणार आहेत. मी घाबरले आहे, लपवत नाही. मलाच जपून ठेवणं चुकलं असेल, आतलं कधीच बिघडलं असेल, वितळायला दोन अंश कमी लागतील आणि साहेबराव कायमचे खोटे ठरतील, असलं काहीबाही मनात येतंय. मुक्ताच्या मनातही तेच असणार. आज जाताना तिनं काचेला बोट लावलं, पण काही विचारलं नाही.

काय निघेल ते निघो, नंतर मला धुवा, फेका, काही करा. मागणं एकच आहे. उद्या झाकण काढाल तेव्हा मुक्ताला जवळ उभं राहू द्या, आणि तेवढा वेळ पंखा बंद ठेवा.